कोंबडीचा कारभार

बदलापूर ते वांगणी या पट्ट्यात वीस गुंठे घेतलेला माणूस ठरल्या वाटेनंच जातो. पहिल्या वर्षी तो कंपाउंड घालतो. दुसऱ्या वर्षी कलमं लावतो आणि ती देवगडहून आणलीत असं आल्यागेल्याला सांगतो. तिसऱ्या वर्षी कलमं जेमतेम गुडघ्याला आलेली असतात, बोअरला अजून पाणी लागलेलं नसतं, आणि मुंबईचे पाहुणे मात्र दर रविवारी येऊन "मग, काय काय आहे तुमच्याकडे?" असं विचारत असतात. दाखवायला काहीतरी हलतं-बोलतं हवं, हे तेव्हा कळतं. पक्षी तिथून सुरू होतात.

गावठी कोंबडी पाळून भागत नाही. ती पलीकडच्या पाड्यावरही असते, आणि त्यांची आपल्यापेक्षा जास्त अंडी देते. त्यामुळे काहीतरी वेगळं शोधावं लागतं. मध्यंतरी इमूची लाट आली होती. इमूच्या तेलाला सोन्याचा भाव येणार म्हणता म्हणता पाळणाऱ्यांचंच तेल निघालं. मग कडकनाथ आला. २०१८ साली त्याला मध्य प्रदेशातल्या झाबुआचं भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१९ साली सांगलीकडे त्याच्या नावानं फसलेल्यांच्या पोलीस ठाण्यात रांगा लागल्या. आमच्या भावोजींनी या दोन्ही लाटा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला असताना काठावर उभं राहून बघितल्या. मग ते निवृत्त झाले, फंड हातात आला आणि ते टर्कीत पडले.

कोंबड्या ताईच्या होत्या, आधीपासूनच. दहा-बारा गावठी, एक तांबडा कोंबडा, आणि ठिपकी नावाची एक थोराड कोंबडी, जिला सगळं खुराडं वचकून असे. टर्कीला ताईचा ठाम विरोध होता. तेव्हा भावोजींनी इतिहास काढला. टर्की मूळची मेक्सिकोची. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि पुढे ती आपल्या गोव्यापर्यंत पोचली. १६१२ साली मुकर्रबखान या सरदारानं गोव्यात दुर्मिळ वस्तूंची खरेदी केली, तीत हा पक्षी जहांगीर बादशहाकडे गेला. बादशहा इतका चकित झाला, की त्यानं मन्सूर या आपल्या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. शिवाय बादशहानं आठवणींत या पक्ष्याचं वर्णनही लिहून ठेवलं: डोकं आणि मान घडीत पोवळ्यासारखी लाल, घडीत कापसासारखी पांढरी, घडीत निळी, चोचीवरचं मांस रंगात आलं की हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं, आणि आखडलं की गेंड्याच्या शिंगासारखं उभं राहतं. भावोजींनी हे सगळं फोनवर उघडून ताईपुढे धरलं. "बघ, बादशहानं पाळली होती."

"बादशहाकडे झाडलोट करायला माणसं होती," ताई म्हणाली.

तरी टर्कीची अंडी आली. मोठी, फिक्कट, तपकिरी ठिपक्यांची. एकेक अंडं सत्तर रुपयांना पडलं होतं म्हणून भावोजी ती दोन्ही हातांनी उचलत. ती उबवायची कशी, हा पुढचा प्रश्न. उल्हासनगरला गेलं की प्रश्न सुटतो, असा आमच्या भागाचा जुना अनुभव. तिथे एकानं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि पंखा बसवून इनक्युबेटर तयार करून दिला. त्यावर एका परदेशाचं नावही होतं. एकेकाळी उल्हासनगरच्या मालावरचं 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विनोद सगळ्या महाराष्ट्रात चाले. त्या गावच्या खोक्यात अस्सल अमेरिका खंडातला जीव घातला जातोय, याचं भावोजींना फार कौतुक. पण बदलापुरात वीज जाते. खोकं गार पडलं, पहिली खेप वाया गेली. पुढची अंडी ताईनं काही न बोलता ठिपकीखाली सरकवली. ठिपकी तेव्हा खुडूक बसली होती आणि खुडूक कोंबडी हिशेब विचारत नाही.

आता इथे एक बारकावा आहे. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, टर्कीचं अठ्ठावीस. दोन्ही एकाच दिवशी ठेवली, तर कोंबडीची पिल्लं आधी बाहेर येतात, आई त्यांना घेऊन चरायला निघते, आणि उरलेली अंडी जागच्या जागी थंड होतात. म्हणून टर्कीची अंडी आठवडाभर आधी ठेवायची आणि कोंबडीची नंतर घालायची. भावोजींनी यासाठी भिंतीवर तक्ता लावला, लाल-निळ्या शाईनं. ताईनं महालक्ष्मी कॅलेंडरवर दोन टिंबं काढली. दोन्हीचं उत्तर एकच आलं. फक्त तक्ता टर्क्यांनी नंतर खाल्ला.

पिल्लं निघाली, पण खरी मौज पुढेच होती. कोंबडीचं पिल्लू कवचातून बाहेर पडून अंग वाळलं की टिपायला लागतं. टर्कीच्या पिल्लाला खायचं असतं हेच ठाऊक नसतं. समोर कणी, समोर पाणी, आणि ते मधोमध उभं राहून उपाशी मरतं. हे मी चढवून सांगत नाहीये. टर्की पाळणारे जगभर याच काळजीत असतात. पिल्लांना चमकणाऱ्या वस्तूवर टोचायची मात्र आवड. म्हणून खाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकतात. गोटीवर टोचताना चुकून दाणा चोचीत येतो आणि अशा रीतीनं त्याला जेवणाचा शोध लागतो. भावोजींनी नातवाला गोट्या मागितल्या. नातू फोनवर गेम खेळणारा, त्यानं गोटी पाहिलेलीच नव्हती. शेवटी उल्हासनगरच्या घाऊक बाजारातून किलोभर गोट्या आल्या.

गोट्यांहून जास्त काम कोंबडीच्या पिल्लांनी केलं. ती दाण्यावर तुटून पडत, टर्कीची पिल्लं त्यांच्याकडे पाहत आणि मग हळूच तसंच करत. ठिपकी तर समोर दाणा टाकून, चोचीनं ठकठक आवाज करून, पुन्हा उचलून, पुन्हा टाकून शिकवी. आपली पोरं एकदा सांगून समजायची, या पोरांना सतरांदा सांगावं लागे. पण तिनं दोघांत फरक केलेला मी पाहिला नाही. भावोजी शेजारी पाटावर बसून उकडलेलं अंडं बारीक कुस्करून घालत. टर्कीच्या पिल्लाला प्रथिनं जास्त लागतात, खाद्यात अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. अंडं अर्थात ठिपकीच्याच जातभाईंचं. ती त्याकडे बघे, मग भावोजींकडे बघे.

आणि मग ती वाढली. दोन महिन्यांत टर्कीची पिल्लं आईच्या उंचीला आली, तिसऱ्यात तिच्यावरून पाहायला लागली. आई मात्र तीच आणि तिच्या पंखांचा आकारही तोच. संध्याकाळ झाली की ही आडदांड मंडळी ठिपकीच्या पोटाखाली शिरायला बघत. आधी डोकं घालत. डोकं मावे. मग खांदे घालताना ठिपकी हळूहळू वर उचलली जाई आणि शेवटी टर्कीच्या पाठीवर बसलेली दिसे, तोंडावर भाव असा, की झालंय ते बरोबरच आहे. रात्री टॉर्च मारून पाहिलं तर जमिनीवर चार टर्क्या एकमेकींना खेटून, आणि वर आई. तिच्या मते ती त्यांना ऊब देत होती.

नर वयात आले, तसं खुराड्याचं दरबारात रूपांतर झालं. टर्कीचा नर कशापुढेही पिसारा उघडतो. मादीपुढे, कोंबडीपुढे, भावोजींच्या स्कूटरपुढे, आणि स्कूटरच्या आरशात स्वतः दिसला तर मग दुपारपर्यंत. पंख जमिनीला घासत, छाती पुढे काढून, एक पाऊल टाकून थांबायचं, कुणी बघतंय का याची खात्री करायची, मग दुसरं. वाडीवर झाडायला येणारी मावशी आगरी. तिनं चार दिवस हे बघितलं आणि झाडू टेकवून म्हणाली, "यो कोंबरा नाय, मोर बी नाय. मंग दिवसभर फुगतो कशापाय?" या प्रश्नाला उत्तर नाही. बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात मात्र टर्कीची बाजू घेतलीय: गरुडापेक्षा हा पक्षी अब्रूदार आणि धीट, लाल डगला घातलेला इंग्रज शिपाई अंगणात आला तर त्याच्यावरही चालून जाईल. आमच्याकडे लाल डगल्याचं कुणी येत नाही. गॅसचा सिलिंडर येतो. त्याच्यावर आमचा थोरला नर रोज चालून जातो, आणि सिलिंडर हलत नाही म्हणून जिंकल्यासारखा परत येतो.

त्यातून वाडी रुळांपासून जवळ. मोठा आवाज झाला की टर्कीचे सगळे नर एकदम ओरडतात, हा त्यांचा स्वभावच. त्यामुळे कर्जत लोकलनं भोंगा दिला की वाडीतून जाब जातो. मालगाडीला जाब जातो. आरती, फटाके, कुकरची शिट्टी, भावोजींची शिंक, कुणालाही सोडत नाहीत. पलीकडच्या बंगल्यातले गृहस्थ सुरुवातीला चिडले होते; आता ते गाडीला उशीर झाला हे टर्कीवरून ओळखतात.

तांबड्या कोंबड्याला हे सहन होणं शक्यच नव्हतं. वजनानं तो नराचा चौथा हिस्सासुद्धा नव्हता. पण कोंबड्याची लढाई म्हणजे उडी, टाच, उडी, टाच आणि विषय संपला. टर्कीची लढाई निराळी. टर्क्या एकमेकांची चोच नाहीतर लोंबतं मांस धरतात, मानेला मान गुंडाळतात आणि घुमत गोल गोल फिरत राहतात. पाव-पाव तास चालतं. त्यात मारामारी कमी आणि गळाभेट जास्त. आमचा नर कोंबड्याची मान शोधत पहिलं पाऊल टाकून थांबला, कुणी बघतंय का पाहिलं, तेवढ्यात तांबड्यानं त्याच्या सोंडेला दोनदा चोच मारली. सोंड क्षणात आखडली, जहांगीरनं लिहिल्याबरहुकूम. लाल डोकं पांढरं पडलं. सहा-सात किलोचा तो सरदार धावत सुटला तो थेट ठिपकीच्या मागे जाऊन उभा राहिला. ठिपकीनं मान वर केली. तांबडा मुकाट्यानं उकिरड्याकडे चालू लागला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पावसाळ्यात एक लहान टर्की मलूल झाली. पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी. विष्ठा गंधकासारखी पिवळीजर्द. दोन दिवसांत गेली, मागोमाग आणखी एक. भावोजींना वाटलं मानमोडी. पण मानमोडीची लस दिलेली होती आणि कोंबड्यांना तर काहीच झालेलं नव्हतं, त्या मजेत उकरत होत्या. डॉक्टर आले. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी मेलेली टर्की तिथेच फरशीवर उघडली. काळजावर गोल, खोलगट, पिवळसर डाग. आतड्याचे टोकाकडचे फाटे सुजून आत घट्ट गोळा झालेला. "ब्लॅकहेड," ते म्हणाले. नाव काळ्या डोक्याचं, मुक्काम काळजात.

मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं भावोजी पाटावरच बसले. हा रोग एका सूक्ष्म जंतूचा. तो राहतो कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक कृमीत, आणि बाहेर पडतो त्या कृमीच्या अंड्याच्या आत बसून. ते अंडं मातीत वर्षानुवर्षं टिकतं. गांडूळ माती खाताना ते गिळतं, पक्षी गांडूळ खातो. कोंबडीला यातून सहसा काही होत नाही. ती नुसतं वाहून नेते. टर्की मात्र दगावते, त्यातही तीन महिन्यांच्या आतली. म्हणजे जी कोंबडी टर्कीला उबवून काढते, खायला शिकवते, तांबड्यापासून वाचवते, तीच न कळत तिला खड्ड्यात घालते. आणि भावोजींनी मोठ्या अभिमानानं गांडूळखताचा खड्डा घातला होता तो खुराड्याला लागूनच. पाऊस पडला की तिथून गांडुळं निघत आणि ठिपकी पोरांना आवाज देऊन एकेक वाटून देई.

"उपाय?" भावोजींनी विचारलं.

"कोंबड्या आणि टर्क्या वेगळ्या ठेवा. जिथे कोंबड्या फिरल्यात तिथे काही वर्षं टर्की सोडू नका."

हे वाक्य परळच्या पुस्तकात ठीक आहे. पण बदलापुरात कोंबडी फिरलेली नाही अशी जागा आता सातव्या मजल्यावरच मिळेल. आणि वेगळं ठेवा, हे सांगायचं कुणाला? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, एकेका बराकीत पडदे टांगून कितीतरी कुटुंबं राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तेव्हापासून त्या गावात खाली दुकान, मागे कारखाना, वर घर आणि गच्चीवर पापड. अंबरनाथला १०६० सालच्या शिवमंदिराच्या अंगापर्यंत वस्ती आलीय. बदलापूरचा माणूस रोज सकाळी परक्या माणसाच्या खांद्यावर झोपून मुंबईला जातो. या मुलखात टर्कीनं तेवढं अंतर राखून राहायचं!

वाडीत आणखी एक अडचण होती, उंचीची. चामटोलीजवळ २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजारावर प्रवासी गाडीत, आणि त्या सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. ते पाणी या भागातला कुणी विसरलेलं नाही. भावोजींनी जागा घेतल्यावर सगळ्यात आधी पुराच्या वर येईल असं एकच जोतं बांधलं होतं. त्यावर खुराडं. दुसरं जोतं म्हणजे दुसरा फंड. मार्ग ताईनंच काढला. खुराड्याच्या वरच बांबूचं मचाण करून त्याला जाळीचा तळ लावला, म्हणजे विष्ठा खाली पडेल आणि टर्कीचा मातीशी संबंध उरणार नाही. टर्क्या वर, कोंबड्या खाली. कोंबड्यांना ठरावीक दिवसांनी जंताचं औषध. गांडुळाचा खड्डा कंपाउंडच्या पार पलीकडे. मचाणावर नर उभे राहिले तेव्हा रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघू लागले. भावोजींना फार बरं वाटलं.

फक्त थोरल्या नरानं खाणं सोडलं. खाली ठिपकी दिसत होती, पण पाठीवर नव्हती. तो जाळीवर पसरून, मान खाली घालून, एका डोळ्यानं तिच्याकडे बघत दिवस काढी. पिसारा बंद. लोकल गेली तरी जाब नाही. बंगल्यातल्या गृहस्थांनी चौकशी केली. शेवटी डॉक्टरांना विचारून ठिपकीला जंताचं औषध पाजलं आणि संध्याकाळी तासभर, डालग्याखाली झाकून, मचाणाच्या कडेला ठेवायला सुरुवात केली. डालग्यातून ती नुसती घुटुर्र करी. तेवढ्यावर तो जेवायला लागला.

विक्रीचं म्हणाल तर गटारीला चौकशा येतात, पण त्या चौकशा म्हणजे लोक कुंपणावरून नराचं वजन डोळ्यांनी करतात आणि शेवटी गावठी कोंबडाच घेऊन जातात. नाताळच्या आधी एकदोन फोन येतात. धंदा म्हणून टर्की उभी राहील असं मला वाटत नाही, आणि भावोजींनाही आता वाटत नाही, पण ते तसं बोलत नाहीत. पैसे आले ते भलत्याच बाजूनं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून लग्नाचं डेकोरेशन करणारे एक शेठ आले. त्यांना रिसेप्शनच्या दारात उभा करायला नर हवा होता. पिसारा उघडेल, पाहुणे फोटो काढतील. "साईं, ये पंछी सब के सामने खुलता है क्या?" भावोजी म्हणाले, सिलिंडरच्याही समोर खुलतो.

पहिल्या कार्यक्रमाला नर एकटाच गेला. बँड वाजला, फटाके फुटले, नवरदेव आला, आणि हा मुकाट कोपऱ्यात, सोंड आखडून, डोकं पांढरंफटक. शेठनी अर्धेच पैसे दिले. पुढच्या वेळी ताईनं टेम्पोत एक झाकलेलं डालगंही चढवलं आणि फुलांच्या कमानीमागे ठेवलं. डालग्यातून घुटुर्र झालं आणि त्यानंतर थोरल्यानं जे केलं ते त्या लग्नाच्या व्हिडिओत पाहायला मिळतं: प्रत्येक पाहुण्यापुढे पिसारा, आणि बँडच्या प्रत्येक सुराला जाब. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी खास सोय केलीय.

परवा शेठ पुढच्या तारखा ठरवायला आले. ताईनं वहीच्या पानावर बिल लिहून दिलं: टर्की नर १, सोबत आई १, टेम्पो वेगळा. शेठनी चष्मा वर केला. "बहेनजी, माँ का अलग से? वो तो डालगे में रहेगी, दिखेगी भी नहीं."

"मग या वेळी एकट्यालाच न्या," ताई म्हणाली.

शेठनी एकदा मचाणाकडे पाहिलं, एकदा डालग्याकडे, आणि आईचे पैसे रोख, आगाऊ दिले. टर्कीचं म्हणाले, कार्यक्रमानंतर बघू.